पदर कुणाच्या खांद्यावर

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली दोन मोठी तैलचित्रं आहेत. दोन्ही एकाच माणसाची, नारायण श्रीपाद राजहंस यांची. एकात ते पुरुषाच्या वेशात आहेत, दुसऱ्यात स्त्रीच्या. नाटकाला आलेला माणूस दोन्हींपुढे थांबतो, पण नजर रेंगाळते ती दुसऱ्यावर. त्या पदराला, त्या दागिन्यांना कुणी हसत नाही. आईवडील पोरांना पुढे घेऊन सांगतात, हे बघ, हे बालगंधर्व.

त्याच महाराष्ट्रात एखाद्या सरकारी कार्यालयावर मोर्चा जातो. नळाला पाणी नसतं किंवा रस्ता झालेला नसतो. मोर्चातली मंडळी साहेबांच्या टेबलावर ताट ठेवतात. ताटात साडी, चोळीचा खण, हिरव्या बांगड्या. फोटो निघतात, साहेब मान खाली घालून बसतात. या आहेराचा अर्थ कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. तुझ्यानं काम होत नाही, तेव्हा हे नेस आणि घरी बस. आणि हा आहेर घेऊन कित्येकदा बायकाच पुढे असतात. त्यांच्या अंगावर तशीच साडी असते, हातात तशाच बांगड्या.

एकीकडे शालू नेसलेल्या पुरुषाचं नाव राज्यातल्या नामवंत नाट्यगृहाला दिलं जातं, दुसरीकडे नुसती साडी पुढे केली तरी पुरुषाची अब्रू जाते. कापड तेच, समाजही तोच. मग फरक कशात पडतो, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

साडी नेसलेला पुरुष मराठी माणसाला मुळीच परका नाही. विराटाच्या दरबारात अर्जुन बृहन्नडा होऊन उत्तरेला नाच शिकवतो, ही गोष्ट आजीच्या तोंडून ऐकताना कुठल्याच नातवाला अर्जुन उणा झालेला वाटत नाही. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे. विष्णूने अमृत वाटण्यासाठी घेतलेलं स्त्रीरूप तिथे पुजलं जातं, आणि देवाच्या नावात 'मोहिनी'ही आहे नि 'राज'ही. गोव्यात म्हार्दोळची म्हाळसा त्याच मोहिनीचं रूप मानली जाते, म्हणून ती नारायणी. पंढरपूरचा विठोबा वारकऱ्यांची विठाई होतो. संतांनी गौळणी आणि विरहिणी रचल्या त्या बाईच्या तोंडच्या. कीर्तनात मिशाळ बाप्ये त्या गळा काढून गातात, 'मी'ला स्त्रीलिंगी क्रियापद जोडतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. शिमग्यात कोकणातल्या अंगणांत गोमू नाचते. लुगड्याच्या आत गावातलाच कुणी गडी असतो, हे सगळ्या वाडीला ठाऊक असतं, आणि घरधनीण हौसेने तिच्या हातावर पैसे ठेवते.

या सगळ्याला मराठीत एक फार नेमका शब्द आहे, सोंग. सोंग घेतलं जातं, वठवलं जातं आणि उतरवलं जातं. देवाने, सणाने किंवा कथेने दिलेली ती मुभा असते. ती संपण्याची घटका ठरलेली असते. अर्जुनाचं वर्ष भरतं, शिमग्याची धूळवड होते, लुगडं पुन्हा पेटीत जातं. एवढा करार पाळला की समाजाची तक्रार नसते.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा सीता पुरुषच होता. पुढची जवळपास नव्वद वर्षं मराठी रंगभूमीवरच्या बहुतेक सीता, शकुंतला, सुभद्रा आणि शारदा पुरुषच राहिल्या. या कामाला नाव पडलं स्त्री-पार्ट, आणि ते करणारा तो स्त्री-पार्टी. कंपन्या नाजूक चेहऱ्याची, गोड गळ्याची पोरं शोधत असत. केस वाढवायचे, चालणं-बसणं घडवायचं, लुगड्याचा घोळ पायात न येता पळायला शिकायचं. सगळी भिस्त गळ्यावर. वयात येताना आवाज फुटला की पोराच्याही पोटात गोळा आणि मालकाच्याही. कोल्हापूरचे केशवराव भोसले अगदी कोवळ्या वयात कंपनीत आले, बालपणीच देवलांच्या 'शारदे'तली शारदा गाजवून बसले, आणि १९०८ साली त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. त्यांच्याआधी किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी शकुंतला आणि सुभद्रा गाऊन गावंच्या गावं वेडी केली होती. पुढे त्यांनी नायकाची कामंही केली. गोव्याच्या मंगेशीहून आलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मधली लतिका केली. विष्णुपंत पागनीस हे स्त्री-पार्टी म्हणून नाव कमावलेले नट पुढे १९३६च्या 'संत तुकाराम' चित्रपटात तुकाराम झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांनी तुकोबांचा चेहरा म्हणून त्यांचाच चेहरा मनात धरला. लुगडं नेसलेल्या नटाला संताच्या जागी पाहायला त्या प्रेक्षकाला अडचण आली नाही.

या सगळ्यांत शिखर बालगंधर्वांचं. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत ते शकुंतला होऊन उभे राहिले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू या बायका महाराष्ट्राच्या घरातल्या झाल्या. वेशभूषेवर ते पाण्यासारखा पैसा ओतत. शालू खरे, अत्तरं उंची, फुलं ताजी. त्या खर्चाने कंपनी कर्जात बुडाली तरी हात आखडला नाही. बायका नाटकाला येत त्या गाण्यासाठी तर खऱ्याच, पण नारायणराव पदर कसा सोडतात, अंबाड्यात फूल कुठे माळतात, नमस्काराला वाकताना काठ कसा सावरतात, हेही बघायला. घरी जाऊन त्या तसं करून बघत. सुखवस्तू घरातल्या स्त्रीने स्त्री कसं दिसावं याचा पाठ एका पुरुषाकडून घ्यावा, आणि तिच्या नवऱ्याने, सासऱ्याने ते कौतुकाने पाहावं, असा हा काळ होता. मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर जयशंकर 'सुंदरी' यांच्याबाबतही हेच घडत होतं. 'सौभाग्य सुंदरी' नाटकातल्या भूमिकेचं नावच त्यांना आयुष्यभरासाठी चिकटलं.

१२ मार्च १९११ ची रात्र अनेकदा सांगितली जाते, तरी पुन्हा सांगायला हवी. 'मानापमान'चा पहिला प्रयोग त्या दिवशी होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलता आला असता. ते रंगपटात जाऊन बसले, तोंडाला रंग लावला, शालू नेसला आणि भामिनी म्हणून उभे राहिले. श्रीमंतीच्या ताठ्यात गरीब सैनिकाला नाकारणारी, हट्टी, हसरी मुलगी. मूल गमावलेला बाप ती उभी करत होता. या हकिकतीत मराठी प्रेक्षकाने नेहमी नटाची निष्ठा पाहिली आहे. तिच्यात आणखीही एक गोष्ट आहे. त्या बापाच्या दुःखाला कुणी बायकी म्हटलं नाही, आणि त्याच्या शालूमुळे ते दुःख कुणाला हलकंही वाटलं नाही. पुरुषाच्या अंगावर साडी असतानाही त्याला संपूर्ण माणूस म्हणून पाहणं त्या समाजाला जमत होतं.

दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ला, मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. देशकार्यासाठी नायिकेचा शालू नेसण्यात कुणाला उणेपणा दिसला नाही.

इथपर्यंतचं वाचून त्या काळाबद्दल नुसती माया वाटेल. पण या मानाला पाया कशाचा होता, तेही सांगितलं पाहिजे. पुरुषाने बाईचं काम करणं सभ्य होतं, कारण बाईने ते करणं असभ्य मानलं जात होतं. घरंदाज स्त्रीने चारचौघांत तोंडाला रंग लावून उभं राहायचं नाही, हा दंडक होता, आणि स्त्री-पार्टी हा त्या दंडकाने तयार केलेला कलावंत होता.

दादासाहेब फाळक्यांना हा दंडक चांगलाच नडला. 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी त्यांना बाई मिळेना. समाजाने ओवाळून टाकलेल्या वस्त्यांतल्या बायकांनीही कॅमेऱ्यापुढे यायला नकार दिला. अखेर मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेस पडले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लोकांपुढे आलेल्या भारतीय चित्रपटाच्या पहिल्या राणीचा चेहरा साळुंक्यांचा होता. बायकांची कामं करायला घेतलेल्या पुरुषांना मिशी काढायला तयार करणं हीच मोठी कामगिरी होती, असं सांगतात. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची कशी? साडी नेसायला हरकत नाही, मिशी मात्र नको. पुरुषपण कुठे राहतं याबद्दलची समजूत एवढ्या एका हट्टात दिसते. याच साळुंक्यांनी १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पुरुष साडी नेसून मान मिळवत होते तेव्हा स्वतःची साडी नेसून उभ्या राहिलेल्या या मायलेकींना धैर्य लागलं.

दार उघडलं ते हळूहळूच. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगमंचावर आणलं आणि त्यात ज्योत्स्ना भोळे, पद्माबाई वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. एकदा बाई बाईचं काम करताना दिसली, की स्त्री-पार्टीकडे पाहण्याची नजरच बदलली. काल ज्याला 'अप्रतिम' म्हणत त्यालाच आज 'अस्वाभाविक' म्हणू लागले. बालगंधर्वांचा गळा तोच होता, पण वय झालं होतं, अंग सुटलं होतं, आणि प्रेक्षकांना आता ते दिसू लागलं. १९३५ साली ते प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. १९३८ साली त्यांच्याच कंपनीत गोहरबाई कर्नाटकी नायिका म्हणून आल्या. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. १९६७ साली ते गेले, आणि पुढच्याच वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला, पुण्याचं रंगमंदिर खुलं झालं. आदर शेवटपर्यंत राहिला. पण तो एका संपलेल्या युगाला वाहिलेला आदर होता. नव्या मुलाने स्त्री-पार्ट शिकावा असं म्हणणारं घर उरलं नव्हतं.

आता दुसरा रंगमंच. राहुट्या आणि कनातींचा.

पेशवाईच्या उत्तरकाळात तमाशाच्या फडात बाईच्या वेशात नाचायला नाच्या पोर असे. पुढे शतक पालटायच्या सुमारास पवळासारख्या स्त्रिया फडावर आल्या. पवळा आणि पठ्ठे बापूराव या जोडीचं नाव गावोगाव झालं. बाई आल्यावर नाच्याची मूळ गरज संपली. तो फडातून गेला नाही, पण त्याचं काम बदललं. नाचणाऱ्या मुलाच्या जागी आता कमरेत लचकणारा, टाळ्या वाजवणारा, हातवारे करून बोलणारा, हशा आणि शिट्ट्या झेलणारा नाच्या उभा राहिला. तोही लुगड्यातलाच नट. ताल त्यालाही लागतो, हजरजबाबीपणा तर जास्तच. पण त्याच्या नावाचं नाट्यगृह कुठल्या गावात नाही. संगीत नाटकाचा प्रेक्षक पांढरपेशा आणि शहरी होता. तमाशाचे बहुतेक कलावंत गावकुसाबाहेरचे किंवा कष्टकरी जातींतले. रुक्मिणी होणारा पुरुष कलावंत ठरला आणि मावशीच्या नाहीतर गवळणीच्या घोळक्यात नाचणारा पुरुष बायल्या ठरला. यातला बराचसा निवाडा लुगड्याकडे न पाहता जातीकडे पाहून झाला, असं म्हणणं भाग आहे.

रवी जाधव या दिग्दर्शकाने लागोपाठ दोन वर्षांत ही दोन्ही टोकं पडद्यावर आणली. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' २०१०च्या पहिल्या दिवशी आला, 'बालगंधर्व' २०११ साली. 'नटरंग'मधला गुणा कमावलेल्या शरीराचा शेतमजूर आहे. त्याला फडात राजा व्हायचं असतं. नाच्याशिवाय फड चालणार नाही म्हणतात आणि दुसरं कुणी तयार होत नाही, तेव्हा तो स्वतः उभा राहतो. अतुल कुलकर्णींनी त्यासाठी पिळदार अंग कमावलं आणि मग ते उतरवलं. गुणाच्या वाट्याला टिंगल येते, हिंसा येते, घर दुरावतं. 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे शालू नेसून येतात तेव्हा चित्रपटगृहात टाळ्या पडतात. दोन्ही चित्रपट मराठी माणसाने डोक्यावर घेतले. ते एकामागोमाग पाहिले तर मधली दरी स्पष्ट दिसते.

गुणा कल्पित. कोल्हापूरचे गणपत पाटील खरे. तमाशापटांच्या काळात नाच्या म्हटलं की तेच, आणि 'आत्ता गं बया' हा त्यांचा उद्गार साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी. ते प्रत्यक्षात संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ. पण लोकांनी भूमिका आणि माणूस वेगळे ठेवले नाहीत. पडद्यावरची चाल त्यांच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचली आणि घरच्यांनाही ती सोसावी लागली. शाळेच्या मैदानावर एखादा मुलगा हळू बोलला, हात हलवून बोलला, की इतर पोरं तोच उद्गार त्याच्या कानाशी म्हणत. पाटलांनी तो उद्गार कुणाला दुखवण्यासाठी घडवला नव्हता. २००८ साली ते गेले. त्यांच्या अभिनयाचं मोल करणारं लेखन आजही त्यांच्या नकलांपेक्षा कमी भरेल.

हशाचा विषय निघालाच आहे तर दोन लाडक्या कलाकृतींकडेही पाहिलं पाहिजे. ब्रँडन थॉमस यांच्या १८९२च्या इंग्रजी प्रहसनावरून आचार्य अत्र्यांनी 'मोरूची मावशी' केलं, आणि विजय चव्हाणांनी ती मावशी अशी काही नाचवली की नऊवारीतला तो गडी लोकांच्या मनातून उतरला नाही. १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'त पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून सचिन सुधा होतात आणि लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती. पार्वतीचं डोहाळजेवणसुद्धा होतं. तीन पिढ्यांना त्यातले संवाद पाठ आहेत. या दोन्हींत पुरुष अडचणीपोटी साडी नेसतो, ती सुटावी म्हणून धडपडतो, आणि शेवटी ती सुटते. पुन्हा तोच जुना सोंगाचा करार. प्रेक्षक निर्धास्त हसतो, कारण सुधा आणि पार्वतीच्या आत कोण आहे हे त्याला ठाऊक असतं. त्या हसण्यात प्रेम आहे, द्वेष नाही. पुढे दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांत मात्र हा प्रकार रोजचा झाला. कथा नाही, अडचण नाही, पुरुषाने साडी नेसून यायचं आणि तेवढ्यावर हशा घ्यायचा. तिथे हसू येतं ते बाईसारखं दिसणं हेच हास्यास्पद आहे, या गृहीतावर. मोर्चातल्या त्या ताटाचं आणि या हशाचं नातं जवळचं आहे. मुलगी पँट घालून मोटारसायकल चालवते तेव्हा बाप कौतुकाने सांगतो, माझा मुलगाच आहे तो. मुलाबद्दल 'माझी मुलगीच आहे ती' असं कौतुकाने सांगणारा बाप शोधावा लागतो. वर चढणं कौतुकाचं आणि खाली उतरणं लाजेचं, अशी ही शिडी आहे. खालच्या पायरीवर कोण उभं केलंय ते प्रत्येक बाईला कळतं.

पण ज्यांना साडी उतरवायचीच नाही, त्यांचं काय?

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या गावांत यल्लमाचा जोगत्या दिसतो. साडी, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर देवीचा जग, हातात परडी. मंगळवारी, शुक्रवारी तो दारात आला की सुपातून जोगवा वाढला जातो, लेकराला त्याच्या पायावर घातलं जातं. देवीने झाड धरलं, असं म्हणून एखाद्या पोराला सोडलं की त्याच्या शर्टाची जागा कायमची साडी घेते. काहींसाठी ती मोकळी वाट ठरली, काहींवर ती लादली गेली. मान उंबऱ्याबाहेरपर्यंत असतो. भावाच्या लग्नात त्याला मांडवात बसवायचं की नाही, यावरून घरात खल होतो. राजीव पाटील यांच्या २००९च्या 'जोगवा'त उपेंद्र लिमये यांनी असा साडीत अडकवला गेलेला पुरुष उभा केला आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे साडी जाचाची आहे, कारण ती त्याने निवडलेली नाही.

हिजडा समाजाची गोष्ट याच्या उलट बाजूची. आणि इथे एक गल्लत टाळायला हवी. बालगंधर्व हे स्त्रीचं काम करणारे पुरुष होते. तृतीयपंथी स्त्रिया या स्वतःला पुरुष मानतच नाहीत, त्यांची साडी हा वेश नसून त्यांचे रोजचे कपडे आहेत. बाहेरून पाहणारा दोघांना एकाच मापाने मोजतो. इंग्रज सरकारनेही तेच केलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग या लोकांसाठीच होता, आणि तो उत्तरेकडच्या प्रांतांत राबवला गेला. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर बाईचे कपडे किंवा दागिने घालून दिसली की वॉरंटाशिवाय अटक, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानातही तसाच कायदा झाला, १३२९ फसली, म्हणजे १९१९ सालाचा. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. इकडे पुण्या-मुंबईत रुक्मिणीचा शालू बघायला तिकिटं संपत होती त्याच वर्षांत तिकडे साडी नेसून रस्त्याने चालणं कायद्याने गुन्हा ठरलं होतं. तो कायदा तेलंगणच्या उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो २०२३च्या जुलैत.

मधल्या काळात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांबाबतच्या 'नालसा' खटल्याचा निकाल दिला. आपलं लिंगभान कपड्यांतून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं हा राज्यघटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांनी त्यात लिहिलं. साडी हे म्हणणं मांडण्याचं साधन आहे, हे कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा इतक्या ठसठशीतपणे आलं. त्या खटल्यात ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी बाजू मांडायला उभ्या होत्या. 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' या त्यांच्या आत्मकथनाने मराठी वाचकाला हे जग आतून दाखवलं होतं.

या सगळ्या गर्दीत एक माणूस मात्र बिननावाचाच राहतो. तो नट नाही, जोगत्या नाही, तृतीयपंथी नाही. स्वतःला पुरुष मानतो, नोकरी करतो, कदाचित लग्न झालेलं असतं. त्याला अधूनमधून साडी नेसावीशी वाटते, एवढंच. दाराला कडी लावून, आरशापुढे, दहा मिनिटं. मराठीने सोंगाला शब्द दिला, पार्टाला दिला, नाच्याला दिला. या माणसासाठी तिच्याकडे शिवीवाचून काही नाही. वैद्यकशास्त्राने बराच काळ त्याला रोग्यांच्या यादीत घातलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात स्त्रीवेश करण्याच्या ओढीला स्वतंत्र विकार म्हणून स्थान उरलं नाही. यादीतून नाव गेलं, तरी दाराची कडी अजून आतूनच लागते. त्याच्या साडीला ना देवीची आज्ञा आहे, ना कथेची गरज, ना मालकाचा पगार. समाजाला कारण लागतं, आणि 'मला आवडतं' हे कारण त्याला अजून पुरत नाही.

सिंधुदुर्गात मात्र एक जुना रंगमंच अजून तसाच उभा आहे. पाऊस सरला, जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळी गावोगाव हिंडतात. देवळाच्या मागच्या पडवीत गोणपाटावर मांडी घालून नट बसतात. प्रत्येकाच्या पुढे त्याची ट्रंक, झाकणाला आतून लावलेला आरसा. रंगभूषाकार वेगळा नसतो, ज्याने त्याने आपलं तोंड आपण रंगवायचं. स्त्री-पार्ट करणारा नट आधी दाढी घोटून घेतो, रंगाचा थर लावतो, काजळाने भुवई ओढतो. मग गंगावन, अंबाडा, वर अबोलीचा वळेसर. नऊवारीच्या निऱ्या घालताना त्याची बोटं बघण्यासारखी असतात. एकदाही खाली न बघता कासोटा मागे जातो. बाकीच्यांचे मुकुट बांधून होईपर्यंत तो नथ चढवून तयार असतो, आणि त्याच्याशी बोलताना राक्षसाचा पार्ट करणाराही नकळत दबून बोलतो. संवाद लिहिलेले नसतात. पहाटेपर्यंत तो स्वतःच्या शब्दांनी रडवतो, भांडतो, शाप देतो. पुढ्यात बसलेल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसतात. त्यांना घरी सुना आहेत, त्यांच्याशी त्यांचं पटत नाही, पण या पुरुषाने केलेल्या सुनेचं दुःख त्यांना पोचतं.

आता काही ठिकाणी महिलांचे दशावतारही उभे राहिले आहेत. तिथे बाई दाढीमिशा लावून राजा होते, तलवार फिरवते, गाव शाबासकी देतं. तेवढीच शाबासकी पडवीतल्या त्या नटाच्या शाळकरी मुलाला वर्गात मिळते का, हे त्या मुलालाच विचारावं लागेल.

नाटक सुटतं तेव्हा झुंजुमुंजू झालेलं असतं. नट विहिरीवर जाऊन खोबरेल तेलाने रंग काढतो, साबण लावतो, पुन्हा तेल लावतो. काजळ जात नाही. लुगडं झटकून, काठाला काठ जुळवून, घडी घालून ट्रंकेत ठेवतो. नथ डबीत जाते. मग शर्ट-पँट चढवून तो हमरस्त्यावर येतो. दिवसा शेतात काम असतं, रात्री पुढच्या गावची जत्रा. पहिल्या एसटीत कंडक्टर त्याला ओळखतो, रात्री तोही पुढच्या रांगेत बसलेला होता. तिकीट फाडताना तो विचारतो, काल ती साडी कुठली हो, माझ्या घरचीला तशी हवी आहे. नट दुकानाचं नाव सांगतो, रंग सांगतो, काठ केवढा घ्यावा तेही सांगतो.